कोंडलेल्या हवेचा पापुद्रा

या विषयाकडे मी वळलो तो दोन तारखांमुळे. २०२३ साली ‘नेचर एनर्जी’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. अमेरिकेत बोल्डर येथे असलेल्या कोलोरॅडो विद्यापीठातील इव्हान स्मालयुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वनस्पतीतल्या सेल्युलोजपासून खिडकीच्या काचेत बसवता येईल असा पापुद्रा तयार केला होता. दृश्य प्रकाशाचा ९७ ते ९९ टक्के भाग त्यातून आरपार जातो. साध्या काचेतून सुमारे ९२ टक्केच जातो. उष्णता मात्र त्यातून स्थिर हवेपेक्षाही कमी वाहते. निबंध वाचून झाल्यावर सवयीप्रमाणे त्याचे कूळ शोधत मागे गेलो, तर हाती आले ‘नेचर’मध्ये १९३१ साली छापलेले एका पानाचे पत्र. लेखक सॅम्युअल किस्लर, कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन गावच्या एका महाविद्यालयातला रसायनशास्त्राचा अध्यापक. जवळजवळ सगळा भाग हवेचाच असलेले, तरीही घन असे पदार्थ आपण बनवल्याचे त्याने त्यात कळवले होते. वाळूतल्या सिलिकापासून अंड्याच्या पांढऱ्या बलकापर्यंत अनेक गोष्टी त्याने वापरून पाहिल्या होत्या. त्या यादीत सेल्युलोजही होते.

म्हणजे वनस्पतीपासून हवा कोंडणारा घनपदार्थ १९३१ सालीच तयार झाला होता. मग मधली ब्याण्णव वर्षे कुठे गेली? ‘कल्पना होती, तंत्रज्ञान नव्हते’ हे नेहमीचे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. तंत्रज्ञान बरेचसे होते. ते वापरणाऱ्यांना वनस्पतीच्या पापुद्र्याकडून दुसरेच काही हवे होते.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. लाकूड, बूच, कापूस, गवत उष्णता अडवतात असे आपण म्हणतो, पण खरी अडवणूक करते ती त्यांच्यात अडकलेली हवा. १६६५ सालच्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याचे वर्णन आहे. ‘सेल’ हा शब्द, ज्याला आपण पेशी म्हणतो, तिथूनच निघाला. हूक नुसता पाहून थांबला नाही, त्याने मोजले. एका घन इंचात १ अब्ज २५ कोटी ९७ लाख १२ हजार कप्पे! बूच इतके हलके का, याचे उत्तर त्याला त्या हवेने भरलेल्या कप्प्यांत मिळाले. पुढे सव्वाशे वर्षांनी बेंजामिन थॉम्प्सन ऊर्फ काउंट रम्फर्ड म्युनिकमध्ये बव्हेरियाच्या सैनिकांच्या कपड्यांचा विचार करत होता. त्याने उष्णतामापकाभोवती लोकर, कापूस, रेशीम, सशाची लव, पिसे असे एकेक गुंडाळून ते किती वेळात थंड होते हे पाहिले, आणि १७९२ साली रॉयल सोसायटीपुढे निष्कर्ष मांडला: ऊब वस्त्राच्या द्रव्यापेक्षा त्याने जखडून ठेवलेल्या हवेची असते. हवेला हलू दिले नाही की झाले.

या तत्त्वाची सगळ्यांत मोठी चाचणी शास्त्रज्ञांनी नव्हे, एका व्यापाऱ्याने घेतली. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ च्या मे महिन्यात ‘टस्कनी’ जहाजातून १८० टन बर्फ कलकत्त्याला धाडला. चार महिने, दोनदा विषुववृत्त ओलांडून. सप्टेंबरात जहाज लागले तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक होता. पुढच्या वर्षी अमेरिकी बर्फ मुंबईत उतरला, आणि जमशेटजी जीजीभॉय यांच्या घरच्या मेजवानीत आइस्क्रीम खाऊन यजमान-पाहुण्यांना सर्दी झाल्याचा किस्सा मुंबईच्या इतिहासात अजून चघळला जातो. या धंद्याचे संरक्षण करत होता तो मेन राज्यातल्या लाकूडगिरण्यांचा भुसा, एरवी नदीत टाकून दिला जाणारा.

आपल्याकडे वनस्पती आणि उष्मा म्हटले की वाळ्याचा पडदा आठवतो. ‘आईन-ए-अकबरी’त वाळ्याच्या मुळ्यांच्या खोल्यांचे, खसखान्यांचे, कौतुक आहे. पण त्या पडद्याचे तत्त्व अगदी उलटे. तिथे पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते आणि वारा वाहता असावा लागतो. वैदर्भी उन्हाळ्यात पडद्यावर तांब्याने पाणी मारण्याचे काम घरातल्या पोरांकडे असे, तसे ते माझ्याकडेही होते. पाणी मारायचे विसरले की पडदा नुसती चटई उरायचा. भुशाचे याच्या नेमके उलट आहे. तो भिजला की संपला. कप्प्यांतली हवा जाऊन तिथे पाणी शिरते, आणि पाणी हवेच्या वीसपटीहून अधिक उष्णता वाहते. वनस्पतीच्या तंतूला पाण्याची ओढ जात्याच असते. पापुद्र्याच्या इतिहासात पाणी पुन्हा पुन्हा आडवे येते ते यामुळे.

आता पापुद्रा. वडापाव बांधलेल्या कागदावर तेलाचा डाग पडला की तिथून पलीकडचे दिसू लागते. कागदाचे तंतू स्वतः पारदर्शकच असतात. कागद पांढरा दिसतो तो तंतू आणि हवा यांच्या असंख्य सीमांवर प्रकाश विखुरतो म्हणून. तेलाने हवेची जागा घेतली की विखुरणे थांबते. याचा अर्थ असा, की जी हवा उष्णता अडवते तीच पारदर्शकता घालवते. वनस्पतीपासून काचेसारखा पापुद्रा करायचा तर हवा काढून टाका, उष्णतारोधक करायचा तर हवा भरा. दोन्ही एकदम कसे साधायचे? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा प्रश्न कोणी विचारलाही नव्हता. उद्योगाने निमूटपणे पहिला पर्याय निवडला, आणि सेलोफेन जन्माला आले.

सेलोफेनची गोष्ट मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत बोलकी वाटते. १८९२ साली चार्ल्स क्रॉस, एडवर्ड बेव्हन आणि क्लेटन बीडल या तीन इंग्रज रसायनज्ञांनी लाकडाचा लगदा विरघळवण्याची युक्ती शोधली. लगद्यावर कॉस्टिक सोड्याची आणि मग कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया केली की नारिंगी रंगाचा मधासारखा दाट द्राव मिळतो. तो व्हिस्कोज. हा द्राव बारीक छिद्रांतून गंधकाम्लात सोडला की धागा मिळतो, तेच रेयॉन. कल्याणजवळच्या शहाड-मोहन्याच्या कारखान्यांनी हा शब्द आपल्याकडे घरोघर पोचवला. छिद्रांऐवजी लांबट फटीतून सोडला, की पापुद्रा.

फटीची कल्पना सुचायला सोळा वर्षे जावी लागली. झाक ब्रँडेनबर्गर हा स्वित्झर्लंडचा कापड-रसायनज्ञ फ्रान्समधल्या एका रंगशाळेत नोकरीला होता. उपाहारगृहात कोणाच्या तरी हातून टेबलावरच्या कापडावर मद्य सांडले आणि डाग न पडणारे कापड करावे असे त्याच्या मनात आले, असे सांगतात. त्याने कापडावर व्हिस्कोजचा थर दिला. कापड पुठ्ठ्यासारखे ताठ झाले, पण वरचा थर सोलून निघाला तो नितळ. फसलेल्या कापडाकडे दुर्लक्ष करून निघालेल्या सालीकडे पाहायची बुद्धी त्याला झाली. १९०८ मध्ये त्याने ती सलग बनवण्याचे यंत्र केले, आणि ‘सेल्युलोज’ व ‘डायाफेन’ म्हणजे फ्रेंचमध्ये पारदर्शक, यांची सांगड घालून नाव दिले. १९२४ पासून अमेरिकेत ड्यूपाँट कंपनी सेलोफेन बनवू लागली.

पण ब्रँडेनबर्गरच्या सेलोफेनला एक व्यंग होते. द्रवरूप पाणी अडले तरी वाफ बेधडक आत-बाहेर करत असे. त्यात गुंडाळलेला पाव वाळायचा, तंबाखू कोरडी पडायची. १९२७ साली ड्यूपाँटच्या विल्यम हेल चार्चने त्यावर नायट्रोसेल्युलोज आणि मेणाचा अतिशय पातळ लेप बसवला, आणि सेलोफेनचा खप भराभर वाढला. मांस, पाव, सिगारेट, मिठाई, सगळे काही ‘दिसेल पण बिघडणार नाही’ अशा वेष्टनात विकता येऊ लागले. दुकानदाराला मागून घ्यायचे, ही रीत मोडून गिऱ्हाइकाने स्वतः पाहून उचलायचे, ही नवी रीत रुजण्यात या वेष्टनाचा मोठा हात आहे. वनस्पतीच्या पापुद्र्याचे उद्योगाच्या दृष्टीने काम ठरून गेले: माल दाखवणे. उष्णता अडवण्याच्या कामी तो निरुपयोगी होता, कारण त्यात हवेचा एकही कप्पा उरला नव्हता.

त्याच काळात वनस्पतीचे द्रव्य उष्णतेसाठी वापरले जात नव्हते असे मात्र नाही. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात उसाच्या चिपाडांपासून ‘सेलोटेक्स’ नावाचे उष्णतारोधक तक्ते निघू लागले, भिंतींत आणि छताखाली बसू लागले. एका कारखान्यात लगदा विरघळवून हवा घालवत होते, दुसऱ्यात लगदा फुलवून हवा राखत होते. दोघांची गाठ पडली नाही.

सेलोफेनबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लाकडापासून झालेले, मातीत कुजून जाणारे हे वेष्टन आज पर्यावरणस्नेही म्हणून पुन्हा गौरवले जाते. ते बनवणाऱ्यांच्या वाट्याला काय आले? कार्बन डायसल्फाइडची वाफ मज्जासंस्थेवर आघात करते. रबराच्या कामगारांत भ्रम, हातापायांतली शक्ती जाणे अशी लक्षणे पॅरिसच्या ऑग्युस्त देलपेश या डॉक्टराने १८५६ मध्येच नोंदवली होती, म्हणजे व्हिस्कोजचा शोध लागण्यापूर्वी छत्तीस वर्षे. व्हिस्कोजच्या कारखान्यांत हाच आजार देशोदेशी पुन्हा उगवला. दक्षिण कोरियातल्या वोन्जिन रेयॉन कारखान्यात १९६० च्या दशकात जपानमधली वापरलेली यंत्रे आणून बसवली गेली. शेकडो कामगारांना विषबाधा झाली, मोठे आंदोलन झाले, १९९३ मध्ये कारखाना बंद पडला आणि यंत्रे चीनला विकली गेली. ‘वनस्पतीजन्य’ हा शब्द पदार्थाच्या उगमाबद्दल सांगतो, मधल्या प्रवासाबद्दल नाही. नव्या पापुद्र्यांच्या जाहिराती वाचताना मी आता पहिल्यांदा तो मधला प्रवास शोधतो.

किस्लरकडे परत येऊ. त्याला उष्णता अडवायची नव्हतीच. त्याचा प्रश्न निखळ शास्त्रीय होता: जेलीमध्ये द्रवाला धरून ठेवणारा घन सांगाडा सलग असतो का? असेल, तर द्रव काढून हवा भरली तरी सांगाडा उभा राहायला हवा. साधी जेली वाळवली की आकसून कडक होते, म्हणून कोणाला हे सिद्ध करता येत नव्हते. आकसण्याचे कारण पृष्ठताण. रंगाचा ब्रश पाण्यात असतो तोवर त्याचे केस सुटे असतात, बाहेर काढताच एकमेकांना चिकटतात, तसेच जेलीच्या सूक्ष्म भिंतींचे होते. किस्लरने द्रवाचा पृष्ठभागच नाहीसा केला. प्रत्येक द्रवाला एक क्रांतिक तापमान असते, त्यापुढे द्रव आणि वायू हा भेद उरत नाही. पाण्यासाठी ते ३७४ अंश सेल्सियस, शिवाय त्या स्थितीतले पाणी सिलिकालाच विरघळवते. म्हणून त्याने आधी पाण्याच्या जागी अल्कोहोल आणले, मग बंद भांड्यात दाबाखाली तापवून ते क्रांतिक बिंदूच्या पलीकडे नेले आणि हळूहळू वायू सोडून दिला. सांगाडा जसाच्या तसा राहिला. या पदार्थाला त्याने एअरोजेल म्हटले.

पुढे १९३४ साली त्याने सिलिकाच्या एअरोजेलची उष्णतावाहकता मोजली. आत कप्पे इतके चिमुकले, की हवेच्या रेणूला दुसऱ्या रेणूवर आदळण्यापूर्वी भिंतच लागते. एरवी हा रेणू दोन टकरींच्या दरम्यान सुमारे ७० नॅनोमीटर जातो. कप्पा त्याहून लहान असेल तर हवेला उष्णता पुढे ढकलणेच जमत नाही. रम्फर्डची हवा नुसती जखडलेली होती, किस्लरच्या हवेचे हातपायच बांधलेले होते.

मॉन्सँटो कंपनीने १९४० च्या दशकात ‘सँटोसेल’ नावाने सिलिकाचे एअरोजेल विकायला काढले. सेल्युलोजचे एअरोजेल मात्र कागदावर राहिले. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायरने पॉलियुरेथेन शोधले होते. १९५० च्या दशकाअखेर त्याचा फेस सीएफसी वायूने फुगवू लागले. या वायूची उष्णतावाहकता हवेहून कमी, आणि फेस भिंतीत नुसता ओतला की झाले. उच्च दाबाच्या भांड्यात तासन्‌तास सुकवायच्या नाजूक पदार्थाला यापुढे कोण विचारणार? शीतकपाटे आणि शीतगृहे फेसाने भरली. त्याची किंमत ओझोनच्या थराने मोजली आणि १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो वायू मागे घ्यावा लागला. माझ्या मते त्या ब्याण्णव वर्षांतली निदान चाळीस या स्वस्त वायूने खाल्ली. दरम्यान १९८४ साली स्वीडनमध्ये एअरोजेलच्या एका कारखान्यात मेथॅनॉल गळून स्फोट झाला. कमी धोक्याची वाट पुढच्याच वर्षी बर्कलेत सापडली: ३१ अंशालाच क्रांतिक बिंदू गाठणारा कार्बन डायऑक्साइड.

वनस्पतीच्या बाजूने कोंडी फुटली ती दूध घुसळण्याच्या यंत्रामुळे. अमेरिकेतल्या आयटीटी रेयॉनियर कंपनीच्या प्रयोगशाळेत अल्बिन टर्बाक आणि सहकाऱ्यांनी लाकडाच्या लगद्याचा पाणीदार घोल दुधाच्या होमोजिनायझरमधून प्रचंड दाबाखाली पुन्हा पुन्हा काढला. हे काम १९८३ मध्ये छापून आले. तंतू विरघळला नाही, उकलत गेला, आणि दोन-तीन टक्के लगद्याची दाट जेली झाली. व्हिस्कोजमध्ये तंतू मोडून पुन्हा घडवावा लागे, इथे झाडाने विणलेला मूळ धागाच सुटा झाला. अडचण विजेची होती. एका टनामागे पंचवीस हजार युनिटांहून जास्त खर्च येई. टोकियो विद्यापीठात अकिरा इसोगाई आणि त्सुगुयुकी साइतो यांनी २००६ च्या सुमारास टेम्पो नावाच्या उत्प्रेरकाने तंतूंच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार आणला. तंतू एकमेकांना दूर लोटू लागले आणि थोड्या घुसळण्याने तीन-चार नॅनोमीटर रुंदीचे धागे सुटे झाले. २०१५ चे मार्कस वॉलेनबर्ग पारितोषिक योशिहारू निशियामा यांच्यासह त्यांना मिळाले. टोकियोच्याच गटाने २०१४ मध्ये या धाग्यांचे जवळजवळ पारदर्शक एअरोजेल केले. वाहकता ०.०१८ वॅट प्रतिमीटर प्रतिकेल्विन, स्थिर हवेची ०.०२६. कागदाचा तो जुना तिढा असा सुटला. कप्पे आणि धागे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा पुष्कळ लहान झाले की हवा आत राहूनही प्रकाश विखुरत नाही.

कोलोरॅडोचा पापुद्रा याच धाग्यांचा. त्यातही पाण्याचा बंदोबस्त करावा लागलाच. धाग्यांवर सिलिकॉनच्या संयुगाचे आवरण चढवले, म्हणजे सिलेन-प्रक्रिया केली, तेव्हा ते ओल नाकारू लागले. १९२७ मध्ये चार्चने मेण लावले, २०२३ मध्ये सिलेन. वनस्पतीचा पापुद्रा पाण्यापुढे टिकला तो दोन्ही वेळा आवरणाच्या जोरावर.

आता प्रश्न असा, की हा पापुद्रा कोणता उकाडा अडवणार? बोल्डरला हिवाळ्यात खिडकीतून ऊन यावे आणि आतली ऊब बाहेर जाऊ नये असे वाटते. ९९ टक्के प्रकाश आत घेणारा उष्णतारोधक तिथे वरदान आहे. नागपूरच्या मे महिन्यात उन्हाकडे तोंड केलेल्या खिडकीला तोच लावला तर आलेले ऊन आत साठेल आणि घराची भट्टी होईल. आणि पत्र्याच्या घरांचे काय? तिथे पारदर्शकता हवीच कशाला! तिथे हवा आहे तो कागदाचा पांढरेपणा, जो सेलोफेनने कटाक्षाने घालवला होता. पत्र्यावर चुना मारणाऱ्यांना हे केव्हापासून ठाऊक आहे.

म्हणून मला २०१८ मध्ये मेरिलँड विद्यापीठात लिआंगबिंग हू यांच्या गटाने केलेले ‘नॅनोवूड’ अधिक जवळचे वाटते. लाकडातून लिग्निन काढून टाकले, धाग्यांची रांग मात्र झाडात होती तशीच ठेवली. उरते ते पांढरे, उन्हाला परतवणारे, आडव्या दिशेने ०.०३ इतकीच वाहकता असलेले द्रव्य. पातळ केले तर गुंडाळताही येते. कच्चा माल आपल्याकडे कमी नाही. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून उभी असलेली कापूस तंत्रज्ञानाची संशोधन संस्था सरकीवरच्या आखूड लवेपासून नॅनोसेल्युलोज बनवते, त्यासाठीचा प्रायोगिक संयंत्र तिच्या आवारातच आहे. उसाचे चिपाड कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जाते, पऱ्हाटी चुलीत किंवा बांधावरच पेटवली जाते.

नॅनोवूडच्या कृतीत कॉस्टिक सोडा आहे, सोडियम सल्फाइट आहे, शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड आहे. कार्बन डायसल्फाइड नाही. मात्र धुऊन स्वच्छ केलेले ओले लाकूड उघड्यावर वाळवता येत नाही. कप्पे चिकटू नयेत म्हणून ते गोठवून निर्वातात सुकवावे लागते, आणि या साऱ्या प्रक्रियेत विजेचे बिल सर्वांत जास्त येते ते तिथेच. १९३१ साली स्टॉकटनच्या प्रयोगशाळेत किस्लरला जी सोडवावी लागली होती, तीच ही पायरी.